बायकांकडचं दार

दगूबाई सकाळी अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा बायकांकडचं दार जागेवर नव्हतं. चंद्रिका टॉकीजच्या मागून, तेल्याच्या घराला लागून जी अरुंद गल्ली जाते, तिथं ते दार होतं. आता ते बिजागऱ्यांसकट समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि त्याच्या जागी उंच चौकोनी पोकळी होती. पोकळीतून आत ऊन दिसत होतं. टॉकीजच्या आतलं ऊन तिनं कधी पाहिलं नव्हतं. छपराचे पत्रे दोन ठिकाणी काढले होते, बायकांची बाकं एकावर एक रचली होती, बायका आणि पुरुष यांच्यामधला जाड कापडी पडदा कुणीतरी गुंडाळून कोपऱ्यात टाकला होता. थेट पलीकडच्या पुरुषांच्या दारापर्यंत सगळं आरपार दिसत होतं, आणि इतकी वर्षं अंधारात जे मोठं वाटायचं ते एखाद्या मिरचीच्या वखारीएवढंच होतं. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता आत शेळ्या शिरतील. मग वाटलं, आपल्याला याहून जास्त काहीतरी वाटायला हवं. नऊ वर्षं हे दार निघायची वाट पाहिली होती. ती थोडा वेळ उभी राहिली. बसून बसून पायाला मुंग्या आल्या की माणूस पाय जमिनीवर आपटून बघतं, तसं तिनं मनाला दोनतीनदा त्या पोकळीकडे ढकलून पाहिलं. काही झालं नाही. वाऱ्यावर, मिरच्या वाळत घालायच्या पथारीवरून ठसका आला, तिला खोकला आला, आणि खोकून झाल्यावर तिनं डोळे पुसले.

“मावशी, बाजूले व्हय,” आतून उखा मिस्त्री म्हणाला. “धूय उडी ऱ्हायनी.”

“कोनी सांगं काढाले?”

“शेठनी. परमिट उनं ना. सिमिट बी उनं, लोखंड बी उनं. आते बठ घरी दोन महिने.”

सिमेंट आलं, लोखंड आलं. हे शब्द तिनं इतक्या वेळा ऐकले होते की ते आता खरंच आले आहेत हे कळायला वेळ लागला. पहिल्या वर्षी गिरधरशेठ म्हणाले होते, दिवाळी जाऊ दे, मग सगळी टॉकीजच पक्की बांधतो, दार बाहेर उघडणारं करतो, एक नाही दोन करतो. दिवाळी गेली. मग त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मग भुसावळहून एक इंजिनेर आला, त्यानं फीत लावून सगळं मोजलं, निळ्या कागदावर नकाशा काढला आणि तो कागद शेठच्या गादीमागं लटकू लागला. मग लढाई सुरू झाली. लोखंडाला परमिट, सिमेंटला परमिट, पत्र्याला परमिट. शेठ दर पावसाळ्याआधी म्हणायचे, यंदा होईल. गळणाऱ्या पत्र्यांवर डांबर थापलं जायचं, बाकांना नवे खिळे ठोकले जायचे, आणि दार तसंच राहायचं. ते आतच उघडायचं. लढाई संपून दीड वर्ष झालं तरी तसंच होतं. या सगळ्या वर्षांत दगूबाई रोज त्या दाराबाहेर स्टुलावर बसत होती. बायकांची तिकिटं फाडायची, लेकुरवाळ्यांना कडेच्या बाकावर बसवायची, पुरुष मध्येच आला तर हाकलायचा. लोकांना आधी आश्चर्य वाटलं होतं. ही बाई अजून इथंच कशी बसते, असं शेजारणी विहिरीवर बोलायच्या. नंतर तेही बोलणं थांबलं. काही वर्षांनी नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांना तर काही माहीतच नव्हतं. त्या तिला मावशी म्हणायच्या आणि आत जाऊन हसायच्या, रडायच्या.

नऊ वर्षांपूर्वीचा तो पौषातलाच दिवस, बाजाराचा. दुपारी तीनचा खेळ होता. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बायका यायच्या, मिरचीच्या पथारीवर कामाला आलेल्या डोंगराकडच्या बायकाही यायच्या, आणि बायकांची बाजू भरून जायची. दगूबाईची मुलगी हिरकन अकरा वर्षांची होती. बाप ती तीन वर्षांची असतानाच गेलेला. जागा उरली तर दगूबाई तिला आत सोडायची, आणि त्या दिवशी जागा नव्हती तरी सोडलं होतं. खेळ सुरू झाला, दिवे गेले, आणि दगूबाईनं दाराला बाहेरून कडी घातली. हा शेठचा नियम होता. कडी नसली तर बिनतिकिटाच्या बाया अंधारात आत घुसायच्या. कडी घालून तिनं स्टुलावर बसायचं, कुणी आतून थाप मारली की उघडायची. तेवढ्यात शेठच्या घरून सांगावा आला, की पापडाचं पीठ तिंबून ठेवलंय, थोडे पापड लाटून दे, जावईबापू उद्या येणार आहेत. शेठचं घर पन्नास पावलांवर होतं. मध्यंतराला तास होता. ती उठून गेली. तिनं किती पापड लाटले ते तिला आठवतं. बाराव्याला गल्लीकडून ओरडा ऐकू आला. वर ऑपरेटरच्या खोलीत फिल्म पेटली होती. त्यानं ते जळतं रीळ खिडकीतून बाहेर फेकलं, टॉकीजला आग लागली नाहीच, भिंतही काळी झाली नाही. नुसता धूर आत आला. आधी बायकांना वाटलं, मिरचीचा ठसका आहे, त्या खोकत बसून राहिल्या. मग कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. दगूबाई पोचली तेव्हा गल्लीत माणसंच माणसं होती, दाराला खांदे लावत होती, आणि दार हलत नव्हतं, कारण ते आत उघडणारं होतं आणि आतून साऱ्या बायका त्याच्यावर रेलल्या होत्या. पीठ तिच्या बोटांना तसंच होतं. नंतर दवाखान्यात, रात्री, आणि दुसऱ्या दिवशीही ते नखांत वाळून बसलेलं होतं.

दोघी गेल्या. एक हिरकन, आणि एक नवापूरकडची, सुसाना नावाची, विशीतली. ती नवऱ्याबरोबर पथारीवर मजुरीला आली होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी गिरधरशेठ स्वतः तिच्या घरी आले. याआधी ते कधी आले नव्हते. खाटेवर बसायला ती म्हणाली नाही, तेही बसले नाहीत. दारात उभे राहूनच म्हणाले, जे झालं ते झालं, माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नाही, पण तूच विचार कर. कडी होती म्हटलं तर आधी विचारतील, कडी कुणी घातली? तुझी पोर गेली, वर तुलाच नेतील. तू सांग, दाराला कडी नव्हतीच, गर्दीनं दार अडकलं. कडी तोवर काढलेली होती. तिच्या जागी भोकं बुजवून वर रंगाचा हात फिरवला होता. दगूबाई हो म्हणाली. तिला तेव्हा कशालाही हो म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी साहेबासमोर तिनं तेच सांगितलं, कारकुनानं लिहिलं, वाचून दाखवलं, तिचा अंगठा घेतला. बाहेर व्हरांड्यात त्या सुसानाचा नवरा उकिडवा बसला होता. आत नावं वाचली तेव्हा त्याचं नाव तिनं ऐकलं होतं, पौलस, आणि गावाचंही. तो मध्येच उठून शिपायाशी काहीतरी बोलला, शिपायानं हातानंच त्याला बस म्हटलं आणि तो पुन्हा बसला. एवढंच तिनं पाहिलं. अंगठ्याची शाई पुसायला तिला कुणी कापड दिलं नाही, म्हणून तिनं पदराला पुसली.

त्यानंतर तिला रडू आलं नाही. पहिल्या महिन्यात बायका म्हणायच्या, रडून घे, मोकळी हो. तिनं प्रयत्न केला होता. हिरकनचा परकर हातात घेऊन एकदा सबंध दुपार बसली होती. परकराच्या काठाला शेण लागलं होतं, ते कसं लागलं असेल याचाच ती विचार करत राहिली. मग भूक लागली, तिनं भाकरी केली आणि खाल्ली. तेव्हापासून सगळं असंच, थोडं दुरून, घट्ट गोधडी पांघरून ऐकल्यासारखं.

“मावशी,” उखा मिस्त्रीनं पुन्हा हाक मारली. तो आता चौकटीजवळ उकिडवा बसून लाकूड नखानं टोकरत होता. “आठे कडी व्हती का?”

तिनं पदरावरची धूळ झटकली.

“भोकं शेतस ना. लांबी भरीसन बुजाडेल शेतस. बाहेरनी बाजूले कडी व्हती, खरं ना?”

“व्हती,” दगूबाई म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि काही झालं नाही. तेल्याच्या घरात घाणा करकरत होता, तो तसाच करकरत राहिला. उखानं मान हलवली. “मंग आठलं लाकूड पोकळ व्हयेल. चौकट कामनी नही,” असं म्हणून त्यानं पहार उचलली. त्याला चौकट परत वापरायची का नाही एवढंच ठरवायचं होतं. दगूबाई बघत राहिली. नऊ वर्षं तिला वाटत आलं होतं, की हा एक शब्द बोलली तर भिंती कोसळतील, शिपाई येतील, निदान आपलं स्वतःचं काळीज तरी फुटेल. आणि तो मिस्त्रीला सांगून झाला होता. पहारीच्या तिसऱ्या घावाला चौकट सुटली आणि आडवी पडली.

ती शेठकडे गेली. गिरधरशेठ आता म्हातारे झाले होते, कानानं कमी ऐकायचे, गादीवर पाय लांब करून बसायचे. निळा नकाशा भिंतीवरून काढून त्यांनी समोर पसरला होता आणि त्याच्या कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती.

“ये दगू. दखं ना काम? आते बायासले वर गॅलरी. तुले बी वरच खुर्ची देसू. पाठ टेकाले व्हई.”

“मी मिस्त्रीले सांगं,” दगूबाई म्हणाली. “कडी व्हती म्हनीसन.”

शेठना ऐकू आलं की नाही हे तिला कळेना. त्यांनी एक वजन उचललं, दुसरीकडे ठेवलं. कागदाचा तो कोपरा वळून वर आला.

“कोन इचारी ऱ्हायनं आते?” ते शांतपणे म्हणाले. “नऊ वरीस व्हयी ग्यात.”

“मी खोटं सांगं व्हतं.”

“हा. तू सांगं व्हतं.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. जुन्या नोकराकडे पाहतात तसंच पाहिलं. “कागदवर अंगठा तुन्हा शे, दगू. मन्हा नही. घर जाय. दोन महिना आराम कर.”

ती घरी गेली. दुपारभर ओट्यावर बसली. शेठ बोलले ते खरंच होतं, त्यात काढून टाकण्यासारखं काही नव्हतं. अंगठा तिचा होता. ती अंगठ्याकडे पाहत बसली, आणि तिला सारखा तो व्हरांड्यातला माणूस आठवू लागला. तोंड आठवत नव्हतं. उकिडवं बसणं आठवत होतं, आणि शिपायाचा हात. मिस्त्रीला कडीचं काही नव्हतं, शेठच्या लेखी तर ती कडी नव्हतीच. हा एकच शब्द जिथं नेऊन टाकला असता तर कुणाला तरी लागला असता, असा माणूस जगात एकच होता. ती असा काही विचार करत होती असं नाही. संध्याकाळी तिनं दोन भाकरी जास्त थापल्या, फडक्यात बांधल्या, आणि सकाळी सुरतकडच्या पाशिंजर गाडीत जाऊन बसली.

गाडीत बायका मिरचीच्या गोण्यांवर बसल्या होत्या, खोकत होत्या, हसत होत्या. नंदुरबार मागं पडलं, पथारीवरच्या मिरच्यांचे लाल पट्टे मागं पडले, सपाट काळी शेतं हळूहळू चढउताराची झाली, आणि टेकड्यांवर साग दिसू लागला. दगूबाई या बाजूला कधी आली नव्हती. काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. त्या सुसानाला तिनं एकदाच पाहिलं होतं, तिकीट फाडताना. ती आत जायला घाबरत होती. अंधाराकडे बघत उंबऱ्यातच थबकली होती, मागच्या बायका ओरडत होत्या. एवढंच आठवून दगूबाई थांबली. पुढचं तिला आठवत नव्हतं असं नाही, पण तिकडे जायची सवय नव्हती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. एका स्टेशनवर एक म्हातारा बोरं विकत होता. तिनं बोरं घेतली, खाल्ली, बिया हातात धरून ठेवल्या, आणि नवापूर आल्यावर उतरताना त्या रुळात टाकल्या.

रंगावली नदी उतरून दोन कोस चालावं लागलं. नदीला घोटाभर पाणी होतं. पौलसचं घर लाकडाच्या मोळ्या घेऊन परतणाऱ्या एका बाईनं दाखवलं. कुडाचं, सारवलेलं, पुढं खळं. खळ्यात एक काळासावळा, रुंद खांद्याचा माणूस सुपानं भात वारवत होता, आणि एक बाई केरसुणीनं दाणे गोळा करत होती. दगूबाई खळ्याच्या कडेला थांबली. माणसानं सूप खाली घेतलं. बराच वेळ पाहिलं.

“दारावरची बाई,” तो म्हणाला. मिशनच्या शाळेत शिकलेलं, जपून उच्चारलेलं मराठी तो बोलत होता.

“हा.”

“बसा.”

ती खाली बसली. ती बाई, त्याची आताची बायको मोगराबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. दगूबाईनं पाणी प्यायलं. मग तांब्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “दारले कडी व्हती. मीच घाली व्हती. आनि मी तठे नव्हतू, पापड लाटाले गयी व्हतू. साहेबले मी खोटं सांगं.”

 पौलसनं सुपातले उरलेले दाणे ढिगावर ओतले, सूप झटकलं.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “कडी मीच काढली.”

दगूबाईला आधी ते समजलंच नाही.

“मी पडद्याच्या पुरुषांकडच्या बाजूला होतो. धूर आला तसा धावत फिरून गल्लीत आलो. पहिला मीच पोचलो. तुम्ही नव्हता. कडी गंजलेली, निघेना. दगडानं मारून काढली. तोवर आतून सगळ्या दारावर आल्या होत्या. मी ओरडलो, मागं व्हा, मागं व्हा. त्यांना आमची भाषा कळत नव्हती, का ऐकूच गेलं नाही.” त्यानं उजव्या हाताची बोटं उघडून मिटली. दोन बोटं नीट मिटत नव्हती. “हे मी त्या दिवशी सांगायला गेलो होतो. मला कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं.”

हे त्यानं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. दगूबाईनं त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि मग आपल्या मांडीवरच्या हातांकडे. आपण दोन भाकऱ्या बांधून, इतक्या लांब, या माणसाला त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट सांगायला आलो, हे तिला कळलं, पण तेही गोधडीतूनच कळलं. आता उठावं आणि स्टेशनकडे जावं, एवढंच तिला सुचलं. ती उठायला लागली तेव्हा मोगराबाई बोलली. तिचं बोलणं आहिराणीच होतं, बाजारातलं, तुटक.

“सासूले सांग,” ती म्हणाली. “सुसानानी मायले. ती म्हनस, पौलसनी आपलाच जीव वाचाडा, पोरले मरू दिधं. हाऊ सांगस कडी व्हती, तर ती म्हनस, सरकारना कागदमा नही शे. पादरीसाहेबनी वाची दखाडं. नऊ वरीस व्हयनात, ती यान्हाशी बोलत नही. गाव बी खोटाच म्हनस.”

“राहू दे,” पौलस म्हणाला.

“काब्र ऱ्हाऊ दे?” मोगराबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. “मन्हं लगीन व्हयनं तव्हय चर्चमा सुसानानी बाजूना कोनी उना नही. मन्हा पोऱ्यासले ती वयखत नही. चाल बाई. मी येस तुन्हासंगे.”

सुसानाच्या आईचं घर ओहोळाच्या पलीकडे होतं, हाकेच्या अंतरावर. तिघं चालत गेली. पौलस सगळ्यात मागं होता, आणि कुंपणाच्या काटक्यांपाशी येऊन तो थांबला, जणू तिथं त्याची थांबायची जागा ठरलेली होती. म्हातारी अंगणात ऊन खात बसली होती, मोहाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती. मोगराबाईही कुंपणाच्या आत पहिल्यांदाच आली असावी, कारण ती दोन पावलं टाकून अडखळली. म्हातारीनं मान वर केली, कुंपणाकडे पाहिलं, आणि पुन्हा पान उचललं.

दगूबाई तिच्या समोर जमिनीवर बसली. तिनं सांगितलं. कडी, नियम, पापड, शेठ, बुजवलेली भोकं, अंगठा. म्हातारीला आहिराणी येत नव्हती. दगूबाई एक वाक्य बोलायची आणि मोगराबाई ते त्यांच्या बोलीत सांगायची. आपलं वाक्य दुसऱ्या बाईच्या तोंडून, न कळणाऱ्या भाषेत पुन्हा ऐकताना दगूबाईला पहिल्यांदाच ते घडलेलं वाटलं, कुणा दुसऱ्याच बाईला घडलेलं. कडी पौलसनं काढली, हे सांगायची वेळ आली तेव्हा मोगराबाई थांबली.  तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मग ते सांगितलं, दोनदा सांगितलं. म्हातारीच्या हातातली काडी पानात अर्धी शिरलेली होती, ती तशीच राहिली.

मग म्हातारीनं काहीतरी विचारलं.

“ती इचारस,” मोगराबाई म्हणाली, “मन्ही पोर आतमा एकटी व्हती का? तिले अंधारानं भेव वाटे.”

दगूबाईनं तोंड उघडलं. ते उंबऱ्यातलं थबकणं, मागून ओरडणाऱ्या बायका, आणि त्याच्या पुढचं, जिकडे ती नऊ वर्षं गेली नव्हती.

“नही,” ती म्हणाली. “ती भीत व्हती म्हनीसन मी मन्ही अंडेरले सांगं, हिच्याजोडे बठ, हिचा हात धर. मन्ही हिरकन तिन्हाजोडे बठनी. मंग जव्हय दोन्हीसले काढं तव्हय…” तिला वाक्य पुरं करता येईना. तिनं आपला एक हात दुसऱ्या हातात धरून दाखवला. बोटांत बोटं अडकवून, घट्ट. “सोडाडता येत नव्हता. दवाखानामा सोडाडा.”

मोगराबाईनं हे बोलून सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. म्हातारी त्या हातांकडे बघत होती.  पान वाऱ्यानं तिच्या मांडीवरून उडालं, तिनं ते उचललं नाही. मग तिनं मान कुंपणाकडे वळवली आणि एकच शब्द बोलली. तो काय होता ते दगूबाईला कळलं नाही, बहुधा पौलसचं घरातलं नाव असावं. पौलस हलला नाही. म्हातारी पुन्हा बोलली, जरा चिडून, काम अडलेल्या माणसाला हाक मारावी तशी, आणि भिंतीला धरून उठली, घरात गेली. पौलसनं वहाणा कुंपणाबाहेरच काढल्या. अंगण ओलांडताना तो दोघींकडे न बघता गेला, आणि कमी उंचीच्या दारातून वाकून आत शिरला.

आतून आवाज येत नव्हता. मोगराबाई दगूबाईच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं विस्कटलेली पानं गोळा केली आणि सवयीनं टाचायला घेतली. “गाडी सांजनी शे,” ती म्हणाली. दगूबाईनं मान हलवली. तिनं भाकऱ्यांचं फडकं मांडीवर घेतलं.  कोंबड्या आल्या, गेल्या. ऊन भिंतीवरून सरकलं. आत एकदा कुणीतरी नाक शिंकरलं, मग पुन्हा काही नाही, मग चुलीत फुंकणीचा आवाज आला आणि धूर कौलांतून निघू लागला.

म्हातारी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाताच्या दोन पत्रावळी होत्या, वर तुरीची पातळ डाळ. एक तिनं मोगराबाईच्या हातात दिली, हातात देताना तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दुसरी तिनं दगूबाईच्या समोर जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही, आणि आत गेली. दगूबाईनं या लोकांच्या घरचं कधी खाल्लं नव्हतं. फडक्यातल्या भाकऱ्या तशाच होत्या. तिनं पत्रावळ पुढं ओढली आणि पहिला घास उचलला. भात चुलीवरून नुकताच उतरवलेला होता. तिची बोटं भाजली, मग जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि घास निवेपर्यंत थांबावं हे तिला सुचलं नाही. ती तसाच खात राहिली, आणि शेजारी मोगराबाई जेवायची थांबून तिच्याकडे बघत राहिली.